हरेश्वरला गुलाबी दिसत नसे

त्या मंगळवारी सकाळी मी हरेश्वरकडेच निघाले होते. वसई स्टेशनबाहेर रिक्षात बसले, रिक्षा सुटली, आणि स्मिताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. "ताई, गेले हो ते... आत्ताच, दहा मिनिटं झाली." माझा चेहरा रिक्षावाल्याला आरशात दिसला असावा. "थांबवू का, मॅडम?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "थांबवू नका. चला." पोचले तेव्हा अंगणात माणसं जमायला लागली होती. खुर्चीवर बसलेले त्याचे एक नातलग शेजारच्यांना सांगत होते, "बिचारा हो! जन्मापासून डोळ्यांनी अधू. तरी नोकरी केली, संसार केला." मी त्या घरची कुणी नव्हे, अशा वेळी बोलू नये हेही कळत होतं. तरी बोलले. "अधू नव्हता तो. काही रंग दिसत नव्हते त्याला, एवढंच. आणि ज्यांना सगळे रंग दिसतात त्यांच्या चुका त्याने दाखवून दिल्या. पहिली माझी." कुणीतरी मला पाणी आणून दिलं, बहुधा मी गप्प बसावं म्हणून. त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. तो 'बिचारा' अजून माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हरेश्वर वसईच्या पश्चिमेकडच्या बागायतदारांच्या घरातला. केळी, सोनचाफा, थोडी भाजी, आणि वाडीला पाणी देणारं बावखल, म्हणजे आमच्या इथलं गोड्या पाण्याचं तळं. त्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही हे घरात पहिल्यांदा लक्षात आलं ते तो मिरच्या तोडायला गेला तेव्हा. पिकलेल्या, कच्च्या, सगळ्या एकाच टोपलीत. वडील म्हणाले, "याला वाडीत घेऊन काय करू?" हे त्याने मला हसत सांगितलं होतं. पण पुढचं वाक्य हसून सांगितलं नव्हतं. "मॅडम, त्या दिवसापासून मी केळीचा घड वासावरून आणि बोटांनी ओळखायला शिकलो. दोन वर्षांनी बाबा व्यापारी आला की मलाच हाक मारायचे." हे सगळं असताना त्याने रसायनशास्त्र घेतलं. लोकांनी समजावलं, कॉमर्सला जा, गणित घे. तो म्हणे, "मला रसायनशास्त्र आवडतं. त्याला मी आवडतो की नाही ते त्याचं त्याने ठरवावं."

रसायनशास्त्राने त्याचे सुरुवातीला काही लाड केले नाहीत. बी.एस्सी.ला टायट्रेशन आलं. ज्यांनी शाळेनंतर हा विषय पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एका फ्लास्कमध्ये आम्ल किंवा अल्क असतं, ते किती तीव्र आहे हे माहीत नसतं. वर काचेच्या उभ्या नळीत, ब्युरेटमध्ये, ताकद ठाऊक असलेलं उलट गुणाचं द्रावण असतं. ते थेंबाथेंबाने सोडायचं. फ्लास्कमध्ये एक रंग देणारा दर्शक घातलेला असतो. रंग पालटला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. सगळी भिस्त त्या पालटणाऱ्या रंगावर. आणि कॉलेजात सर्वांत जास्त वापरलं जातं ते फिनॉल्फ्थॅलिन, त्याचा रंग फिकट गुलाबी. हरेश्वरला तो फिकट गुलाबी आणि साधं पाणी सारखंच. परीक्षेत त्याने परीक्षकांना पीएच मीटर मागितला, म्हणजे द्रावण किती आम्ल, किती अल्क हे आकड्यात दाखवणारं यंत्र. "तुझ्यासाठी वेगळी परीक्षा घ्यायची का?" त्यांनी विचारलं. "वेगळी नको, सर. हीच घ्या. फक्त बघायचं कशाने ते मला ठरवू द्या." त्यांनी नापास केलं. पुढच्या वर्षी तो त्याच टेबलाशी उभा राहिला आणि पुन्हा तेच मागितलं. या खेपेचे परीक्षक वेगळे होते. ते एवढंच म्हणाले, "कर."

आमच्या सातिवलीच्या युनिटमध्ये तो आला तेव्हा यातलं काहीच त्याने सांगितलं नाही. विचारलं कुणी नव्हतं, हेही खरं. आम्ही फरशी आणि काच पुसायची द्रावणं बनवायचो आणि पातळ केलेला अमोनिया कॅनमधून विकायचो. मी तिथे तोवर आठ वर्षं केमिस्ट होते, लॅबची प्रमुख. लॅब म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक सिंक. पण ती माझी होती, आणि मला माझ्या नजरेचा गर्व होता. मनवेलपाड्याच्या घरून सकाळी निघायचं, साडेआठला पहिला नमुना लावायचा, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, फ्लास्क गुलाबी व्हायचा, वरून आम्ल सोडत जायचं, गुलाबी ओसरला की थांबायचं. मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, बाहेरच्या लोकांना सांगायचे, "आमच्या सावंत मॅडमची नजर म्हणजे मशीन आहे."

तिसऱ्या आठवड्यात हरेश्वरला पहिला नमुना लावायला दिला तेव्हा मी त्याच्या मागे उभी होते. त्याने तोटी बंद केली, आकडा लिहिला. फ्लास्क अजून गुलाबी होता. फिकट, पण गुलाबी.

"हरेश्वर, रंग अजून आहे की."

"कुठे?" तो म्हणाला.

एवढाच एक शब्द. पण तो त्याने असा विचारला की मला सगळं कळलं. मग त्याने लपवलं नाही. सरळ सांगितलं. आणि मी काय केलं? मी त्याच दुपारी शेठच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की या मुलाला रंग दिसत नाहीत, याचे आकडे धरता येणार नाहीत. मला त्यात काही चूक वाटली नाही. मी माझं काम करत होते. आजही मला वाटतं की सांगणं चुकीचं नव्हतं. चुकीची होती ती माझी खात्री, की दिसणं म्हणजे कळणं.

शेठनी त्याला बोलावून सांगितलं, "उद्यापासून नको येऊ." हरेश्वर हलला नाही. हात मागे बांधून उभा राहिला. "शेठ, मला काढायचं तर आकड्यांवर काढा. दहा नमुने घ्या. मॅडम डोळ्यांनी करतील, मी मीटरने करतो. तेच दहा बाहेरच्या लॅबला पाठवा. माझे चुकले तर मी स्वतः राजीनामा लिहून देतो." शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चालेल." मला हरायची भीतीच नव्हती.

आमच्याकडे पीएच मीटर होता, पण खोक्यात, कुणी तपासायला आलं की टेबलावर मांडायला. त्याची काचेची कांडी सुकून खडखडीत झालेली. हरेश्वरने ती रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवली, तरी ती जिवंत झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून स्वतःची काढली. कॉलेजात असताना घेतलेली, लहान मुलाच्या दुधाच्या बाटलीला बूच असावं तशी टोपी घातलेली. माझे दहा नमुने जेवणाच्या सुट्टीआधी संपले. त्याचे दोन दिवस चालले. तो अर्धा-अर्धा मिली आम्ल सोडायचा, फ्लास्क हलवायचा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचा, लिहायचा. मग आलेखाच्या कागदावर ठिपका. आडवं किती आम्ल सोडलं ते, उभं पीएच. मी येता-जाता बघायचे आणि मनात म्हणायचे, एवढ्याशा कामाला केवढा हा खटाटोप!

बाहेरच्या लॅबचे आकडे आले ते एका पाकिटातून. शेठनी मला वाचायला लावले. हरेश्वरचे दहाही जवळपास तंतोतंत. माझे दहाही कमी. एक-दोन नव्हे, सगळे, आणि एकाच बाजूला. मला वाटलं माझं आम्ल खराब झालं असेल, नमुना मोजायची नळी, पिपेट, गळत असेल... पण आम्ल तेच होतं, त्यानेही त्याच बाटलीतलं वापरलं होतं.

हरेश्वरने मला खिजवलं नाही. त्याने आलेख माझ्यापुढे ठेवला आणि पेन्सिलने दाखवलं. "मॅडम, बघा. सुरुवातीला पीएच अकराच्या आसपास. आपण आम्ल सोडतोय आणि तो अगदी हळू उतरतोय, कारण अमोनिया कमजोर अल्क आहे. अर्धा अमोनिया आम्लाशी मिळून क्षार झालाय, अर्धा शिल्लक आहे, दोघं मिळून पीएच सांभाळून धरतात. हा सगळा सपाट रस्ता. मग चोवीस मिलीला इथे कडा आहे. काही थेंबांतच सातावरून खाली साडेतीनला. अमोनिया खरा संपतो तो या कड्यावर, साधारण सव्वापाचला. आता तुमचं फिनॉल्फ्थॅलिन. ते सव्वाआठलाच रंग सोडतं. म्हणजे इथे, बावीस मिलीला." त्याने उतारावर एक फुली मारली. "तुमची नजर बरोबर आहे, मॅडम. तुम्ही बरोबर तिथेच थांबता जिथे रंग जातो. पण रंग कड्याच्या आधीच जातो."

हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, की कमजोर अल्क आणि तीव्र आम्ल असेल तर फिनॉल्फ्थॅलिन चालत नाही, मिथिल रेड घ्यावं. पण लॅबमधला पद्धतीचा कागद कॉस्टिक सोड्यासाठी लिहिलेला होता. कॉस्टिक तीव्र अल्क, त्याला फिनॉल्फ्थॅलिन चालतं. युनिटने पुढे अमोनिया सुरू केला, कागद तोच राहिला, आणि मी आठ वर्षं त्या कागदाप्रमाणे रंग बघत राहिले. इतका स्वच्छ दिसायचा तो रंग, की त्याच्यापलीकडे बघावंसं कधी वाटलंच नाही.

मग माझ्या दुसरी गोष्ट लक्षात आली. माझे आकडे कमी आले की आम्ही काय करायचो? टाकीत आणखी अमोनिया ओतायचो, ताकद लेबलावरच्या आकड्याला पोचवायला. म्हणजे आठ वर्षं आमचा माल लेबलापेक्षा दहाव्या हिश्शाने जास्त तीव्र होता. आणि तो कॅनमध्ये भरायच्या त्या पत्र्याच्या शेडमधल्या बायका. त्यांची मुकादम सुगंधा माझ्या दाराशी कितीदा येऊन उभी राहिली होती, डोळे पुसत. मी तिला रजिस्टर दाखवायचे.

मी शेडमध्ये गेले. हरेश्वर माझ्यामागे आला, मी बोलावलं नव्हतं तरी. मी सुगंधाला सांगितलं की चूक माझी होती. तिने हातातला कॅन खाली ठेवला. "डोल्यातून पानी येतं म्हनून सांगत होतो ना, मॅडम? तुमी म्हनायच्या, कागदावर बरोबर हाय." ती पुन्हा कॅन भरायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेठना पद्धत बदलण्यात अडचण नव्हती, अमोनिया वाचत होता. अडचण होती जुन्या रजिस्टरची, आणि बायकांना कळलं याची. "मॅडम, झालं ते झालं," ते म्हणाले. "नवीन रजिस्टर बनवा, जुना फेकून द्या. आणि शेडमध्ये भाषण कशाला दिलं?" नोकरी टिकून दोन दिवस झालेला माणूस अशा वेळी खाली बघतो. हरेश्वर म्हणाला, "शेठ, रजिस्टर राहील. त्यावर लाल शाईने लिहिलं जाईल की पद्धत चुकीची होती. मला लाल दिसत नाही, मॅडम लिहितील." मला भीती वाटली आणि हसूही आलं. मग मीच म्हणाले, "आणि शेडमध्ये एक्झॉस्ट पंखे लागतील. नाहीतर उद्यापासून मालाच्या कागदावर माझी सही नसेल." हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसेना. दोन केमिस्ट एकदम गेले तर माल अडला असता. शेठ पंधरा दिवस आमच्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी पंखेवाला आला. भिंतीला तीन भोकं पाडून त्याने पंखे बसवले, आणि सुगंधाने ते सुरू करायला हरेश्वरलाच बोलावलं.

त्यानंतर आम्ही वीसेक वर्षं एका खोलीत काम केलं. मी त्याला अरेतुरे करायचे, त्याने मात्र शेवटपर्यंत 'मॅडम' आणि 'तुम्ही' सोडलं नाही. मी मिथिल रेड आणलं तेव्हा बाटली नाकाजवळ धरून म्हणाला, "याचा तरी रंग मला कुठे दिसणार!" नवीन माल आला की आधी त्याचा आलेख काढायचा हा त्याचा नियम. मी घाई करायचे, तो ठिपके देत बसायचा. आम्ही भांडायचो, खूप भांडायचो. एकदा मी चिडून म्हटलं, "सगळ्यांनी तुझ्यासारखं करायचं ठरवलं तर संध्याकाळपर्यंत एक कॅन बाहेर जाणार नाही." तो म्हणाला, "आणि सगळ्यांनी तुमच्यासारखं केलं तर आठ वर्षं चुकीचा माल जाईल." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या टेबलावर वाडीतली केळी आणून ठेवली. माफी मागितली नाही. मागायला नकोच होती.

चार वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. रक्तदाबाने, असं डॉक्टर म्हणाले. दोन वर्षांनी डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. घरच्यांनी ठरवलं, रिपोर्ट त्याला दाखवायचे नाहीत. त्याने जेवण थांबवलं. "माझं रक्त आहे. त्याचा आकडा मला कळणार नाही?" एका दिवसात स्मिताने फाइल त्याच्या हाती दिली, आणि पुढे कुणाचं काही ऐकलं नाही. मग त्याने आलेखाचे कागद मागवले. रक्तातल्या बायकार्बोनेटचा ठिपका, प्रत्येक तपासणीनंतर एक. मला समजावून सांगायचा, जणू नवीन माल आलाय. "शरीर रोज आम्ल तयार करतं. मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, माझं टाकत नाही. मग बायकार्बोनेट ते पिऊन घेतं, म्हणून पीएच जागेवर दिसतो. पण मॅडम, पीएच सपाट आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. पिणारा खर्च होतोय." तरुण डॉक्टर एकदा म्हणाले, "काका, पीएच ठीक आहे, काळजी करू नका." हरेश्वर म्हणाला, "काळजी करत नाहीये. कडा किती लांब आहे तेवढं सांगा." डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि खरं काय ते सांगायला लागले. त्यानंतर ते त्याच्याशी नेहमी तसंच बोलले.

शेवटची भेट त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी. तो खूप सुकला होता, श्वास खोल आणि जलद चालला होता. "हे श्वास बघताय?" त्याने विचारलं. "आम्ल बाहेर टाकायचा हा दुसरा रस्ता. फुप्फुसं जादा पाळी करतायत." मी म्हटलं, "बोलू नकोस. दम लागतोय." तो म्हणाला, "आयुष्यभर लोकांनी मला काय बघू नकोस ते सांगितलं. तुम्ही काय बोलू नको ते सांगू नका." मग मी त्याला बोलू दिलं. तो मृत्यूबद्दल काही बोलला नाही. वाडीतल्या पंपाबद्दल बोलला, आणि युनिटमध्ये नवीन आलेल्या मुलीबद्दल, की तिला फक्त उत्तर सांगू नका, पूर्ण आलेख काढायला लावा.

गेल्या रविवारी मी स्मिताला भेटायला गेले. तिचे मोठे दीर येऊन गेले होते. आजारपणाचे कागद घरात ठेवू नयेत, पुडकं बांधून द्या, मी टाकून देतो, असं त्यांनी सांगितलं होतं. पुडकं बांधलेलं नव्हतं. आलेखाचे सगळे कागद पलंगावर ओळीने मांडलेले होते, आणि शेजारी एक न उघडलेलं पाकीट. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट, नंतर आलेला.

"ताई, हा राहिलाय," ती म्हणाली. "कसा लावायचा, मला दाखवाल?"

मी म्हटलं, "मी लावून देते."

"नाही. मला दाखवा."

मी तिला आडवी रेघ दाखवली, तारखांची. उभी दाखवली, आकड्यांची. तिने पाकीट फोडलं, आकडा मोठ्याने वाचला. तो फार खाली होता, तिला शेवटच्या चौकटींपर्यंत यावं लागलं. पेन्सिलचं टोक टेकवण्याआधी तिने चौकटी दोनदा मोजल्या. मग ठिपका दिला, नीट गोल. पट्टी घेऊन आधीच्या ठिपक्याला तो जोडला. कागदांना वरच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवला आणि ते तिने समोरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा खिळ्याला अडकवले.

"दीर पुन्हा विचारतील," मी म्हटलं.

"विचारू देत," स्मिता म्हणाली. "समजावून सांगेन मी त्यांना. तेवढं येतं मला."